दिवस भरत आले म्हणजे

आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, महागाई भत्ता किंवा किमान वेतन यांवर बोलावे अशी रीत आहे. त्याने बाळंतपणावर बोलावे, हे काही मंडळींना चमत्कारिक वाटेल. हा विषय बायकांचा, माजघरातला, फार तर डॉक्टरीणबाईंचा, अशी आपली समजूत आहे. परंतु तीस वर्षे कामगारांच्या वस्त्यांतून हिंडताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. बाळंतपण बाईचे असले तरी बाळंतपणातले पुष्कळसे निर्णय तिच्या हाती नसतात. गाडी केव्हा बोलवायची, कोणत्या दवाखान्यात न्यायचे, पैसे कुठून आणायचे, थांबायचे की निघायचे, हे सारे घरातला कर्ता पुरुष ठरवतो, किंवा त्याच्या नावाने घरातली वडीलधारी बाई ठरवते. ज्याने निर्णय घ्यायचा त्यालाच कामाची माहिती नसावी, हे कारखान्यात चालत नाही. मग घरात का चालावे? म्हणून सभेला आलेल्या पुरुष मंडळींनी हे चार शब्द विशेष लक्ष देऊन ऐकावेत, अशी आमची विनंती आहे.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षणही बेताचेच. जे काही जाणतो ते पुस्तके वाचून, जाणत्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रश्न विचारून, आणि वस्तीतल्या आयाबायांचे ऐकून. उपचार डॉक्टरांनी करावयाचे. त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचावयाचे कसे आणि त्यासाठी काय ओळखता आले पाहिजे, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.

तारीख म्हणजे अंदाज

पहिली गोष्ट तारखेची. डॉक्टर गरोदर बाईला एक तारीख देतात आणि सारे घर त्या तारखेकडे डोळे लावून बसते. ही तारीख काढतात कशी? शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यावयाचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावयाचे. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च. हा हिशेब एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले नावाच्या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखला जातो. एकंदर दिवस भरतात २८०, म्हणजे चाळीस आठवडे. पण या हिशेबात पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी नेमाने येते असे गृहीत धरलेले असते. पुष्कळ बायकांची तशी येत नाही आणि पुष्कळींना नेमका दिवस आठवत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल तर तारीख अधिक पक्की होते. तरीही नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच असतात. बहुतेकींचे बाळंतपण तारखेच्या मागेपुढे दोन आठवड्यांत उरकते.

याचा अर्थ असा की, शेवटचा आठवडा कोणता होता हे बाळ झाल्यावरच कळते. सदतीस आठवडे पुरे झाले की कोणताही आठवडा शेवटचा ठरू शकतो, आणि तयारीही तेव्हापासूनच हवी. तारीख उलटली म्हणजे नातेवाइकांचे फोन सुरू होतात, ‘अजून नाही का?’ म्हणून. बिचारी बाई काही गुन्हा केल्यासारखी उत्तरे देत बसते. तारीख उलटणे हा तिचा दोष नव्हे. मात्र एकेचाळीस आठवडे झाले तर घरी वाट पाहत बसू नये. बाळाला रक्त पुरवणारी वार पुढे पुढे थकू लागते. म्हणून बाळाची तपासणी करून कळा औषधाने सुरू कराव्या लागतात का, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. बेचाळीस आठवड्यांपलीकडे तर जाऊच देऊ नये.

याउलट घाईचाही एक रोग आपल्याकडे शिरला आहे. पंचांगात मुहूर्त पाहून, पाहुण्यांची सोय पाहून, पोट उघडून बाळ काढून घ्यावयाचे! सिझेरियनची शस्त्रक्रिया आईचा किंवा बाळाचा जीव वाचवण्यासाठी लागली तर ती मोठे वरदान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आत बाळ काढणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढण्यासारखे आहे. शेवटच्या त्या दोन-तीन आठवड्यांत बाळाची फुप्फुसे आणि मेंदू तयार होत असतात, अंगावर चरबी चढत असते. आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो.

शरीर काय सांगते

दिवस भरत आले म्हणजे शरीर काही खुणा देते. पहिल्या खेपेला बाळाचे डोके प्रसूतीच्या दोन-चार आठवडे आधीच कटीत उतरते. आयाबाया म्हणतात, ‘पोट खाली आले.’ त्यामुळे छाती मोकळी होते, श्वास नीट घेता येतो, जळजळ कमी होते. पण ओझे खाली आल्याने लघवीला वारंवार जावे लागते, जांघांत दाटते, चाल बदलते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाळ बहुधा कळा सुरू झाल्यावरच उतरते. तेव्हा पोट खाली आले नाही म्हणून घाबरू नये.

गर्भाशयाच्या तोंडाशी नऊ महिने एक चिकट बूच बसलेले असते. तोंड मऊ होऊन उघडू लागले की ते सुटते आणि गुलाबी किंवा तपकिरी छटेचा चिकट स्राव जातो. ही प्रसूती जवळ आल्याची खूण आहे. पण जवळ म्हणजे काही तास असेल किंवा काही दिवस. तेवढ्यावरून धावपळ नको, फक्त लक्ष हवे. चिकट स्रावात रक्ताची छटा असणे वेगळे आणि वाहते लाल रक्त जाणे वेगळे, हा फरक घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

कंबर दुखते, झोप तुटते, पावलांना थोडी सूज येते, काहींना शौचाला पातळ होते. रात्री कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर, झोपावे; उताणे झोपल्याने पोटाच्या भाराने पाठीकडची मोठी रक्तवाहिनी दबते. थोडे थोडे, अनेक वेळा खावे. हलके चालणे चांगले. पण ‘काम केले की सुटका लवकर होते’ म्हणून भरलेल्या घागरी उचलायला लावणे, वाकून दगडी फरशी घासायला लावणे, हे शास्त्र नव्हे.

मनाचेही सांगितले पाहिजे. या दिवसांत बाई उगाच रडते, चिडते, एकदम गप्प होते. तिला भीती वाटत असते, आणि ती भीती खोटी नसते. ‘आम्ही नाही का झालो बाळंत?’ असे म्हणून ती उडवून लावू नये. कळा आल्यावर काय काय होईल, कोण बरोबर असेल, दुखले तर कोणाला सांगायचे, हे तिला आधी कळले की भीती पुष्कळ ओसरते. कळांच्या वेळी ओळखीचे, विश्वासाचे माणूस जवळ असले तर प्रसूती सुखरूप होण्यास मदत होते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपल्या सरकारी प्रसूतिगृहांतही सोबतीण असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली ठरवले. तेव्हा सोबतीण कोण, हे आधी ठरवा आणि दवाखान्यात तशी मागणी करा.

खऱ्या कळा आणि खोट्या कळा

शेवटच्या आठवड्यांत पोट मधूनमधून दगडासारखे घट्ट होते आणि पुन्हा सैल पडते. या सरावाच्या कळा होत. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टराने १८७२ साली त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. आपल्या सुइणी त्यांना पूर्वीपासूनच खोट्या कळा म्हणत आल्या आहेत. खोट्या कळा अनियमित असतात. कधी दहा मिनिटांनी, कधी तासाने येतात; कूस बदलली, चार पावले चालले, पेलाभर पाणी प्यायले की विरतात; बहुधा ओटीपोटातच जाणवतात. खऱ्या कळा पुष्कळदा कंबरेतून निघून पुढे येतात. त्यांच्यामधले अंतर कमी होत जाते, प्रत्येक कळ अधिक वेळ टिकते, अधिक जोराची होते, आणि विश्रांती घेतली तरी थांबत नाही.

येथे घड्याळ कामी येते. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतची मिनिटे मोजावीत आणि कागदावर मांडावीत. हे काम नवऱ्याने करावे. त्याच्या अस्वस्थ हातांनाही काम मिळते! पहिल्या खेपेला साधारण पाच-पाच मिनिटांनी कळा येत आहेत, प्रत्येक कळ मिनिटभर टिकते आहे आणि असे तासभर चालले आहे, म्हणजे निघण्याची वेळ झाली. दवाखाना दूर असेल, रस्ता वाईट असेल, दुसरी-तिसरी खेप असेल, तर इतके थांबू नये. आधीचे सिझेरियन असेल तर कळा सुरू झाल्याबरोबर निघावे. पहिल्या खेपेला सारे मिळून बारा ते अठरा तास लागणे वावगे नाही. पुढच्या खेपांना त्याच्या निम्म्यातही उरकते.

शंभरात आठ-दहा बायकांच्या बाबतीत कळांच्या आधीच पाणी जाते. कधी एकदम लोट येतो, कधी थेंब थेंब पाझरते. पाणी गेल्याची वेळ लिहून ठेवावी, स्वच्छ कापड घ्यावे आणि कळा नसल्या तरी दवाखाना गाठावा. कारण दार उघडले की जंतूंना आत वाट मिळते. पाण्याचा रंग पाहावा. ते स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असावे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केली आहे असे समजून क्षणाचाही विलंब करू नये.

थांबू नये अशा खुणा

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर घड्याळ पाहायचे नाही, कोणाला विचारायचे नाही, निघायचे. अंगावरून लाल रक्त वाहणे. असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज. ही रक्तदाब चढल्याची लक्षणे असू शकतात आणि त्यातून झटके येऊ शकतात. ताप. पोट सतत घट्ट व दुखरे राहणे, मध्ये सैल न पडणे. सदतीस आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या कळा.

आणि एक खूण विशेष ठासून सांगावीशी वाटते, कारण तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. ‘बाळंतपण जवळ आले की बाळ शांत होते, विश्रांती घेते,’ असे घरोघर सांगितले जाते. हे खरे नाही. जागा कमी झाल्याने बाळाच्या हालचालींची तऱ्हा बदलते. उसळी मारण्याऐवजी ते ढुशा देते, कूस फिरवते. परंतु हालचाल कमी होता कामा नये. अगदी कळा सुरू झाल्यावरही बाळ हालत असते. शंका आली तर काहीतरी खाऊन, डाव्या कुशीवर शांतपणे पडून मोजावे. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखान्यात जावे. ‘सकाळी पाहू’ या दोन शब्दांनी पुष्कळ पाळणे रिकामे ठेवले आहेत.

रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा बाईला काहीच जाणवत नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला तपासणी हवी: रक्तदाब, लघवीतील प्रथिने, रक्तातील लोह, बाळाचे ठोके, आणि बाळ डोक्याकडून आहे की पायाळू. सुईणबाईंच्या हाताला मोठा अनुभव असतो, त्याचा आम्ही आदरच करतो. परंतु रक्तदाब हाताने कळत नाही. कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल पाजणे टाळावे. आणि कोणा अर्धवट माणसाकडून घरी कळांचे इंजेक्शन टोचून घेणे तर सर्वांत घातक; त्याने गर्भाशय फाटू शकते, बाळाचा श्वास कोंडू शकतो. ते औषध प्रसूतिगृहातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते.

तीन विलंब

बाळंतपणात बाई का दगावते, याचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोन विदुषींनी १९९४ साली एक साधी मांडणी केली. विलंब तीन प्रकारचे असतात, असे त्या म्हणतात. पहिला, मदत घ्यायची हे ठरवण्यातला. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला. तिसरा, पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. आम्ही ही मांडणी वाचली तेव्हा आपल्याच वस्तीचे वर्णन कोणी लिहून ठेवले आहे असे वाटले.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका सभासदाच्या पत्नीचे पहिलेच बाळंतपण होते. सायंकाळी पाणी गेले, रंग हिरवट होता. दवाखाना अवघा चार किलोमीटर. पण ‘तो येऊ दे, मग निघू,’ असे सासूबाई म्हणाल्या. तो दुसऱ्या पाळीला होता आणि कामाच्या जागी फोन नेण्याची बंदी. शेजारच्या मुलाने कारखान्याच्या दारावर जाऊन निरोप दिला. दारावरच्या माणसाने तो आत पोचवला नाही. साडेअकराला पाळी सुटल्यावर त्याला कळले. आई वाचली, मूल वाचले नाही. सासूबाईंना लोकांनी बोल लावले. आम्हाला तसे वाटले नाही. ज्या बाईला साऱ्या जन्मात स्वतःच्या अकलेने दहा रुपये खर्च करू दिले नाहीत, तिने त्या एका सायंकाळी एकदम निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा कशी धरायची? पुढे त्या कारखान्यात आम्ही मागणी केली की, घरच्या आजारपणाचा वा बाळंतपणाचा निरोप ताबडतोब आत पोचला पाहिजे. ती मान्य झाली. परंतु त्याहून मोठी मागणी घराघरांत मान्य व्हावयाची आहे. ती अशी की, निर्णय आधी घेऊन ठेवावा, म्हणजे वेळ आली तेव्हा कोणाच्याही परवानगीसाठी थांबावे लागणार नाही.

यासाठी सदतिसावा आठवडा लागला की एक कागद लिहून भिंतीवर चिकटवावा. कोणत्या दवाखान्यात जायचे, आणि तेथे सोय नसेल तर दुसरा कोणता. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, गरोदर माता व तान्ह्या मुलांसाठी १०२, आणि दोन्ही वेळेवर न मिळाल्यास शेजारच्या कोणाची रिक्षा वा गाडी. बरोबर कोण जाणार, थोरल्या मुलाजवळ कोण थांबणार. बाईचा रक्तगट आणि गरज पडल्यास रक्त देणारी दोन माणसे. एका पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे कागद, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, थोडे रोख पैसे, बाईचे दोन सैल कपडे, पॅड, बाळासाठी धुतलेली सुती फडकी व दुपटी. आणि कागदाच्या शेवटी एक वाक्य: ‘ही निघू म्हणाली की निघायचे.’ त्याखाली घरातल्या सर्व मोठ्या माणसांनी सह्या कराव्यात. हसू नका, सही केलेला करार पाळला जातो, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

माहेरी जाण्याची आपली रीत चांगली आहे. तेथे बाईला विसावा मिळतो. पण ती शेवटच्या आठवड्यात एस. टी.चे धक्के खात पाळू नये. महिना-दीड महिना आधी जावे, सारे कागद बरोबर न्यावेत आणि तेथल्या दवाखान्यात, आशाताईंकडे नाव नोंदवावे.

दुसऱ्या व तिसऱ्या विलंबाचे उत्तर सरकारला द्यावयाचे आहे आणि ते आपण मागितले पाहिजे. जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, लागल्यास सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन, सारे विनामूल्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी करण्याचे अभियान २०१६ पासून चालू आहे. या सोयी भीक म्हणून दिलेल्या नाहीत. त्यांचा उपयोगही झाला आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. पूर्वीच्या मानाने हे आकडे पुष्कळ उतरले आहेत. पण केरळात त्याच काळात तो १९ होता. म्हणजे आपल्याकडच्या ३३ मधल्या निदान चौदा जणी वाचवता येण्याजोग्या होत्या, हे उघड आहे.

विसाव्याचा हक्क

आता आमच्या नेहमीच्या विषयाकडे येतो, कारण तो या आठवड्याला येऊन भिडतो. शेवटच्या दिवसांत बाईने विसावा घ्यावा असे सारेच सांगतात. पण जिचे पोट रोजंदारीवर आहे तिने तो घ्यायचा कशाच्या जोरावर? या प्रश्नासाठी आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच झुंज सुरू झाली. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रा. सा. आसवले यांचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ साली सबंध देशाचा झाला. २०१७ साली पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. त्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

या सव्वीस आठवड्यांपैकी आठपर्यंत आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. पण आमच्या भगिनी बहुधा ते घेत नाहीत. आधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्या दिवसांतून वजा होतो, आणि ‘तेवढे दिवस बाळाला मिळतील’ असा हिशेब करून त्या अगदी शेवटच्या दिवसापर्यंत पाळी भरतात. आईचा हिशेब आम्हाला समजतो. तरीही आमचा सल्ला असा की, निदान शेवटचे दोन-तीन आठवडे घ्यावेत, आणि ज्यांना घेणे शक्यच नाही त्यांनी लेखी मागणी करावी. तारखेच्या आधीच्या दहा आठवड्यांत, रजा घेतलेली नसताना, फार कष्टाचे किंवा सतत उभे राहण्याचे काम देऊ नये, अशी मागणी करण्याचा हक्क कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी तो मागितलाच जात नाही, कारण तो आहे हे कोणी सांगितलेले नसते.

परंतु हा कायदा ज्यांना मालक आहे त्यांच्यासाठी. उसाच्या फडात कोयता चालवणारी, वीटभट्टीवर विटा वाहणारी, घरोघर धुणीभांडी करणारी बाई यांच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही. फडात कळा सुरू झालेल्या बाईला बैलगाडीतून वा ट्रॅक्टरमधून न्यावे लागते, तेव्हा आम्ही वर सांगितलेले तिन्ही विलंब एकदम तिच्या अंगावर येतात. या भगिनींच्या मजुरीतच प्रसूतीच्या विसाव्याची सोय झाली पाहिजे, ही आमची मागणी चालूच राहील. तोवर शहरातील सुशिक्षित मंडळींना एक प्रश्न विचारण्याची परवानगी असावी. आपल्या घरी भांडी घासणारी बाई नवव्या महिन्यात असेल तर तिला शेवटचे काही आठवडे आणि नंतरचे दोन महिने पगारी सुटी आपण देता का? आपल्या मुलीला ‘जरा पड’ म्हणणारी आई त्याच दिवशी मोलकरणीला मात्र ‘उद्या लवकर ये’ म्हणते. यात दुष्टपणा नसतो, सवय असते. पण त्याने बाईच्या पाठीवरचे ओझे हलके होत नाही.

सारांश असा. तारखेवर विसंबू नये; सदतीस आठवड्यांपासून तयार असावे. खऱ्या कळा घड्याळाने ओळखाव्यात. रक्त, डोकेदुखी, हिरवे पाणी आणि मंदावलेली हालचाल यांपुढे एक क्षणही थांबू नये. निर्णय आधी घेऊन लिहून ठेवावेत आणि निघण्याचा शेवटचा शब्द त्या बाईचा असावा. ही व्याख्याने संपल्यावर आपण घरी जाल तेव्हा आपल्या घरात, शेजारी किंवा नात्यात दिवस भरत आलेली कोणी आहे का, याची एकदा आठवण करावी आणि त्या भिंतीवरच्या कागदासाठी आजच पेन हाती घ्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आमचे बोलणे पुरे करतो.